उघड्या जनरेटरसाठी आठ बाय आठची चिऱ्याची खोली

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज परत यायला काही आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. कोकणातल्या घरमालकाला जनरेटर का हवा हे त्यामुळे वेगळं सांगायला नको. जनरेटर मिळतो, नवा नाहीतर जुना. पण तो ठेवायचा कुठे हे ठरवताना लोक गडबड करतात. पडवीत ठेवला तर धूर माजघरात येतो, उघड्यावर ठेवला तर पहिल्याच पावसात अल्टरनेटरमध्ये (वीज तयार करणाऱ्या भागात) पाणी जातं, आणि चारी बाजूंनी बंद खोलीत कोंडला तर अर्ध्या तासात दमतो.

खोलीची मापं आखण्याआधी एक प्रश्न: जनरेटरला कॅनॉपी, म्हणजे आवाजबंद पेटी, आहे का? डिझेल जनरेटर कारखान्यातूनच आवाजबंद पेटीसह यावा आणि पेटीपासून एक मीटरवर आवाज ७५ डेसिबलच्या आत असावा, असा नियम १ जानेवारी २००५ पासून लागू आहे. म्हणजे नवा डिझेल संच घेतला तर तो पेटीतच येणार. त्याला खोली बांधू नका. पेटीच्या आत हवेचे मार्ग आखलेले असतात. बाहेरून आणखी चार भिंती घातल्या की पेटीने टाकलेली गरम हवा पेटीच परत ओढून घेते. त्याला दीड फूट उंच जोतं, चार खांब आणि वर पत्रा एवढंच पुरे. झडीच्या बाजूला तीन फूट अंतर सोडून आडोसा केला तरी चालेल.

दोन-तीन केव्हीएच्या (केव्हीए हे जनरेटरच्या क्षमतेचं माप) पेट्रोल जनरेटरलाही खोली नको. पेट्रोल इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड डिझेलपेक्षा कितीतरी जास्त येतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. ते यंत्र छपराखाली, चारी बाजू मोकळ्या ठेवूनच चालवायचं.

खरी खोली लागते ती जुन्या उघड्या संचाला. एका चौकटीवर एक सिलिंडरचं हवेने थंड होणारं डिझेल इंजिन, मागे अल्टरनेटर, मिनिटाला १५०० फेरे, ५ केव्हीए. बागायतदारांकडे आणि जुन्या वाड्यांमध्ये असे संच अजून धडधाकट आहेत. लांबी साडेतीन ते चार फूट, रुंदी दोन फूट, वजन अडीचशे ते तीनशे किलो. पुढचा सगळा हिशोब या यंत्राचा आहे.

आधी उष्णतेचा हिशोब

पूर्ण भारावर हे इंजिन तासाला दीड ते पावणेदोन लिटर डिझेल पितं. लिटरमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा धरा, म्हणजे १६-१७ किलोवॅट. त्यातले ४ किलोवॅट वीज होऊन घरात जातात, पाचेक किलोवॅट धुराबरोबर बाहेर पडतात, उरलेले सात किलोवॅट खोलीतल्या हवेत मिसळतात. आठ बाय आठच्या खोलीत तीन-साडेतीन गीझर सतत चालू ठेवल्यासारखं हे आहे.

खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर तासाला सुमारे २२०० घनमीटर हवा खेळवावी लागते. त्याला १५ इंची, १४०० फेऱ्यांचा, धातूच्या पात्यांचा एक्झॉस्ट फॅन लागतो. लेबलवर तासाला २५०० घनमीटर किंवा जास्त असा आकडा बघूनच घ्या, कारण जाळी आणि झडपांमुळे प्रत्यक्षात हवा कमी निघते. स्वयंपाकघरातला नऊ इंची फॅन लावून भागवणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा जनरेटर मे महिन्यात तासाभरात व्होल्टेज पाडू लागतो आणि दोष अल्टरनेटरला दिला जातो.

हवा आत यायची वाटही तेवढीच मोठी हवी. मोकळी जागा सहा ते सात चौरस फूट. झडपा आणि जाळी बसली की भोकाचा जवळजवळ अर्धा भाग अडतो, म्हणून भिंतीतलं भोक दुप्पट ठेवा: तीन फूट रुंद, सव्वादोन फूट उंच अशा दोन खिडक्या. खिडकीचा तळ फरशीपासून एक फूट वर.

जागा

घराच्या दारं-खिडक्यांपासून कमीत कमी २० फूट, शक्य असेल तर ३०. पावसाळ्यात किनाऱ्यावर वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, तेव्हा खोली घराच्या ईशान्येला असलेली बरी. घराच्या अगदी बरोबर मागे, पूर्वेच्या भिंतीला समोर ठेवू नका. वारा घरावरून उतरताना मागच्या बाजूला भोवरा धरतो आणि त्यात सापडलेला धूर उलटा घराकडे येतो. कोपऱ्याकडे सरकवली की हा त्रास पुष्कळ कमी होतो.

वर नारळ नको. पत्र्यावर पडलेला नारळ एक वेळ परवडेल, झावळी मात्र धुराच्या नळीवर अडकली तर पेटू शकते. आंब्याची फांदी वर असेल तर आधी छाटून घ्या. शेजाऱ्याच्या झोपायच्या खोलीकडे फॅनचं तोंड नको. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. उघडं इंजिन तिथपर्यंत खाली आणायला भिंत, अंतर आणि पुढे सांगितलेली आड-भिंत, तिन्ही लागतात.

खोली अशी आखा: आतून आठ बाय आठ फूट. यंत्राची लांबी पूर्व-पश्चिम. हवेच्या खिडक्या पश्चिमेच्या भिंतीत खाली, फॅन पूर्वेच्या भिंतीत वर, दार उत्तरेला, दक्षिणेची भिंत कोरी. यंत्राच्या दोन्ही टोकांना दोन-दोन फूट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट जागा सुटते. बाजूची जागा कमी करू नका. हँडल मारायला, फिल्टर काढायला, ऑइल बदलायला माणूस वाकू शकला पाहिजे.

यंत्राचं कुठलं टोक कुठल्या दिशेला, हे कागदावरून ठरवू नका. यंत्र मोकळ्या अंगणात चालू करा आणि दोऱ्याला बांधलेली प्लास्टिकची पातळ पट्टी लांबूनच चारी बाजूंनी धरून बघा. (उदबत्ती नको, डिझेलजवळ विस्तव कशाला?) पट्टी जिकडे ओढली जाते ती बाजू पश्चिमेकडे, जिकडून गरम झोत येतो ती पूर्वेकडे. बहुतेक संचांत गार हवा अल्टरनेटरकडून यावी आणि इंजिनावरून पुढे जावी हे बरोबर ठरतं, पण सगळ्यांत नाही.

पाया, जोतं आणि यंत्राचा ओटा

चर दोन फूट रुंद, दोन फूट खोल, किंवा कठीण कातळ लागेपर्यंत. तळाला सहा इंच १:४:८ (सिमेंट:वाळू:खडी) काँक्रीट. त्यावर चिरे (जांभा दगडाचे ठोकळे) आडवे टाकून, म्हणजे भिंतीची जाडी चौदा इंच ठेवून, जमिनीच्या वर दीड फूट येईपर्यंत चढवा. इथे जोत्याची उंची वाचवू नका. अंगणात पाऊलभर पाणी साचलं तरी अल्टरनेटर कोरडा राहिला पाहिजे. जोत्यावर ओल अडवणारा थर द्या, कारण जांभा पाणी पितो आणि भिंत खालून ओली राहिली की बोर्ड, वायर, नटबोल्ट सगळ्याला गंज चढतो.

यंत्राचा ओटा खोलीच्या फरशीपासून सुटा हवा. पाच बाय तीन फूट, आठ इंच जाड, १:१.५:३ काँक्रीट, आत ८ मिमी सळीची सहा-सहा इंचांवर जाळी. हा ठोकळा सुमारे पावणेसातशे किलो भरतो, यंत्राच्या दुपटीहून थोडा जास्त, आणि तेवढा लागतोच. एका सिलिंडरचं इंजिन बसल्या जागी उड्या मारतं. ओटा हलका असेल किंवा फरशीत एकजीव असेल तर थरथर भिंतीत जाते, चिऱ्यांचे सांधे सुटतात आणि रात्री शांततेत ती घरापर्यंत ऐकू येते. ओट्याच्या भोवती चारी बाजूंनी एक इंच फट ठेवा. ओतताना थर्माकोलची पट्टी उभी करा, नंतर ती काढून फट वाळूने भरा आणि वर डांबर ओता.

फाउंडेशन बोल्ट ओतण्याआधी यंत्राच्या चौकटीची भोकं जाड पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर उतरवून घ्या आणि त्याच साच्यातून बोल्ट उभे करा. टेपने मोजून बोल्ट लावले की चारातला एक हमखास चुकतो, मग गवंडी आणि वेल्डर एकमेकांकडे बोट दाखवतात. चौकट आणि ओटा यांच्यामध्ये जाड रबरी पॅड. सात दिवस पाणी मारा, यंत्र दोन आठवड्यांनी चढवा.

बाकीची फरशी चार इंच, १:२:४, दाराकडे किंचित उतार. पण उंबरठ्याला चार इंचांची कड ठेवा. टाकी गळली तर डिझेल अंगणात आणि तिथून विहिरीकडे जाऊ नये. डिझेलचे कॅन खोलीत ठेवायचे नाहीत. दुसरीकडे, सावलीत, कुलपात.

भिंती

चिऱ्याची मापं खाणीप्रमाणे बदलतात. इथे १४ × ९ × ७ इंच धरलं आहे. नऊ इंची भिंत, अर्धा इंच दर्जा (दोन चिऱ्यांमधला सांधा), १:६ चा माल (सिमेंट:वाळू). पश्चिमेची भिंत जोत्यापासून आठ फूट, पूर्वेची दहा फूट, मधल्या दोन तिरक्या. दार आणि खिडक्या वजा करून भिंतींना साडेतीनशेच्या थोडे वर, पाया-जोत्याला दोनशे ते सव्वादोनशे आणि आड-भिंतीला पाऊणशे चिरे लागतात. तुटफूट धरून सातशे मागवा. गाडी रिकामी होत असताना चिरे वाजवून बघा. खणखणीत आवाजाचा आणि कडा न झडणारा चिरा भिंतीला, मऊ पिवळट ठिसूळ चिरा परत. सिमेंट सगळं मिळून २५ ते २७ गोणी, सळी ५० किलोच्या आसपास.

लावण्यापूर्वी चिरा भिजवा. कोरडा चिरा मालातलं पाणी शोषून घेतो आणि सांधा भुसभुशीत राहतो. बाहेरून दर्जा भरून घ्या. आतून गिलावा नको, जांभ्याची खरखरीत तोंडं थोडाफार आवाज गिळतात, गुळगुळीत गिलावा तो परत फेकतो.

भिंतीच्या माथ्यावर चारी बाजूंनी ९ × ६ इंचांचा काँक्रीटचा पट्टा, चार सळ्या १० मिमीच्या. छप्पर ज्या वाशांवर बसणार त्यांच्या जागी १२ मिमीच्या सळ्या भिंतीत किमान दोन फूट खाली उतरवून, टोकाला आकडा करून, पट्ट्यातून वर काढून ठेवा. वादळात पत्रा एकटा सुटत नाही, वासा घेऊनच जातो. वासा नुसता पट्ट्याला बांधला तर पट्टाही उचलला जातो.

आड-भिंत

नऊ इंची जांभ्याच्या भिंतीतून आवाज फारसा जात नाही. तो निघतो खिडक्यांमधून, आणि झडही तिथूनच आत येते. दोन्हींचा बंदोबस्त एकाच बांधकामात होतो: पश्चिमेच्या खिडक्यांपुढे दोन फूट अंतरावर आठ फूट लांब, पाच फूट उंच भिंत, आणि मधल्या बोळावर कडप्प्याच्या लाद्यांचं किंवा स्लॅबचं झाकण. हवा उत्तर-दक्षिण टोकांनी आत शिरते. प्रत्येक टोक दोन बाय पाच, म्हणजे दहा चौरस फूट, दोन्ही मिळून वीस. खिडक्या साडेतेराच्या, म्हणून हवा कुठेही आवळली जात नाही. गवंडी सिमेंट वाचवायला अंतर एक फूट करायला सुचवेल, ऐकू नका.

आड-भिंतीच्या आतल्या बाजूला दोन इंच जाड रॉकवूल (दगडी तंतूंची न जळणारी लोकर), त्यावर भोकं पाडलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा. रॉकवूल जमिनीपासून एक वीत वर थांबवा, नाहीतर ती खालून पाणी शोषते. खिडकीतून बाहेर बघितलं तर आकाश किंवा अंगण कुठूनच थेट दिसता कामा नये. दिसत असेल तर तेवढा आवाज सरळ बाहेर जातो आहे असं समजा.

खिडक्यांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी लावा, उंदीर आणि साप अडतात. मच्छरजाळी लावू नका. तिने एक तर हवा निम्मी होते, वर धूळ आणि जाळी-जळमटं बसून महिन्याभरात ती बंदच होते.

छप्पर

रंगीत कोटिंगचा ०.५ मिमी पत्रा, तेरा फुटी चार नग. पत्र्याची रुंदी साडेतीन फूट असली तरी एकमेकांवर चढणारा भाग जाऊन सव्वातीन धरायची. चारी बाजूंनी दीड फूट वळचण. दोन-अडीच फूट वळचण काढायचा मोह होतो, पण तिथेच वाऱ्याला हात घालायला जागा मिळते. वासे ५० × ५० × २ मिमी चौकोनी नळीचे, चार, सुमारे तीन-तीन फुटांवर. कडेच्या दोन वाशांवर पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्याला स्क्रू, मधल्यांवर एकाआड एक. रबरी वॉशर चपटा होईल इतका स्क्रू आवळू नका, वॉशर फाटतो आणि गळती तिथूनच सुरू होते. नळ्यांना आधी रेड ऑक्साइड, मग दोन हात रंग, आणि वेल्डिंगची जागा घासून पुन्हा रंगवा. खाऱ्या हवेत गंज नेमका तिथे लागतो.

पत्र्याखाली दोन इंच रॉकवूल, तिला आधार म्हणून जाळी. थर्माकोल, फोम, जुन्या गाद्या यांतलं काही नको. सायलेन्सरच्या वर पेट घेणारी वस्तू लटकवण्यात काय अर्थ आहे? उतार पश्चिमेकडे आहे, तेव्हा त्या कडेला पन्हळ लावून पाणी आड-भिंतीच्या टोकांपासून दूर काढा.

फॅन

पूर्वेच्या भिंतीच्या मध्यावर, तळ साडेसात फुटांवर. बाहेरून हवेने उघडणाऱ्या आणि बंद पडल्यावर मिटणाऱ्या झडपा. त्यावर छोटी टोपी.

फॅनच्या आसपास दुसरं भोक ठेवायचं नाही. "गरम हवा जायला वर जाळीही सोडू" असं कोणीतरी म्हणतंच. मग फॅन त्या जवळच्या जाळीतून ताजी हवा ओढून लगेच बाहेर टाकतो, खालची गरम हवा जागची हलत नाही, आणि फॅन जोरात फिरतोय तरी खोली भट्टी का, हे कोणाला कळत नाही. दाराच्या फटींचंही तेच. दार नीट बसलं पाहिजे.

फॅनची वायर घराच्या बोर्डावरून आणू नका. जनरेटरच्या स्वतःच्या एमसीबीनंतर (जास्त भार आला की आपोआप पडणाऱ्या स्विचनंतर) लगेच जोडा, म्हणजे यंत्र चालू झालं की फॅन चालू, कोणी बटण विसरायचा प्रश्न नाही. याचा एक तोटा आहे: यंत्र थांबलं की फॅनही थांबतो आणि तापलेल्या इंजिनाची उष्णता आत कोंडते. म्हणून बंद करण्याआधी भार काढून पाच मिनिटं रिकामं चालवा, थांबवल्यावर दार उघडं टाका.

धुराची नळी

इंजिनच्या धुराच्या तोंडानंतर पहिला तुकडा स्टेनलेस स्टीलच्या लवचिक बेलोचा, म्हणजे घड्यांच्या नळीचा. तो टाळून थेट लोखंडी नळी जोडली तर इंजिनची थरथर नळीत जाते आणि काही दिवसांत वेल्ड किंवा मॅनिफोल्डच तडकतं. बेलोनंतर दोन इंची नळी. यंत्राचं तोंड दीड इंची असलं तरी पुढे एक माप वरचं घ्यायचं, कारण लांबी आणि कोपरे वाढले की धुराला मागे दाब बसतो, इंजिन काळा धूर टाकतं आणि ताकद पडते. कोपरे दोनांहून जास्त नकोत. नळीचा भार सायलेन्सरवर टाकू नका, भिंतीला ब्रॅकेट घ्या.

नळी पूर्वेच्या भिंतीतून, फॅनपासून बाजूला, सहा फूट उंचीवर बाहेर काढा. भिंतीत सहा इंची बाही बसवा, म्हणजे नळीभोवती दोन इंच जागा राहते, ती रॉकवूलने भरा. खोलीतली नळी आणि सायलेन्सरलाही रॉकवूल गुंडाळून वर ॲल्युमिनियमचा पत्रा करा. तिथेच एक-दीड किलोवॅट उष्णता खोलीत यायची थांबते आणि हातही भाजत नाही. जुन्या घरात पडून असलेली ॲस्बेस्टॉसची दोरी यासाठी वापरू नका.

बाहेर आल्यावर नळी सरळ वर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्र असं: इमारतीच्या उंचीत केव्हीएच्या वर्गमुळाचा पाचवा हिस्सा मिळवायचा, उत्तर मीटरमध्ये. ५ केव्हीएला ते ४५ सेंटिमीटर येतं, म्हणजे छपराच्या वर दीड फूट. टोकाला धुराच्या जोराने उघडणारी टोपी. आडवी नळी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती आणि जिथे ती वर वळते तिथे खाली प्लग, साचलेलं पाणी काढायला. हा प्लग नसेल तर पाणी उलटं सिलिंडरपर्यंत पोचतं आणि पावसाळ्यानंतर हँडल फिरतच नाही.

वीज

हे काम परवानाधारक वायरमनचं. पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते माहीत हवं.

५ केव्हीएला एका फेजवर पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे २२ अँपिअर. खोलीत २५ अँपिअरचा दोन पोलचा एमसीबी. घरापर्यंत ६ चौरस मिमी, तीन गाभ्यांची तांब्याची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल, अडीच फूट खोल चरात, वाळूवर, वर विटा किंवा चिऱ्याचे तुकडे, मग माती. पुढे कोणी माड लावायला खड्डा काढला तर कुदळ आधी विटेवर वाजते.

घरात मीटरनंतर चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी महावितरणला किंवा जनरेटरला जोडणारा; मध्ये शून्य (दोन्ही बंद) असलेला, न्यूट्रलसकट बदलणारा. घरच्या एखाद्या सॉकेटमध्ये दोन्हीकडे पिन असलेली वायर खुपसून घर चालू करण्याचा जो जुगाड आहे, त्याने वीज उलटी महावितरणच्या तारेत जाते, ट्रान्सफॉर्मर ती हजारो व्होल्टची करतो आणि खांबावर काम करणारा लाइनमन मरतो. वादळानंतर खांबांवर माणसं असतातच.

घरात तीन फेज असतील आणि जनरेटर एक फेजचा असेल तर चार पोलचा चेंजओव्हर लावून जनरेटरच्या बाजूला तिन्ही फेज एकत्र जोडतात. दिवे, पंखे, फ्रिज चालतात. तीन फेजचा पंप त्या वेळी चुकूनही चालू करायचा नाही, मोटर जळते. त्याच्या स्टार्टरलाच कुलूप घाला.

अर्थिंगमध्ये एक गोष्ट नेहमी राहते. यंत्राचा न्यूट्रल कुठेच जमिनीला जोडलेला नसेल तर घरातला आरसीसीबी (वीज जमिनीत गळली की पडणारा स्विच) जनरेटरवर असताना काम करत नाही, कोणाला शॉक बसला तरी पडत नाही. चेंजओव्हर न्यूट्रलही तोडत असल्यामुळे तो जोड यंत्राच्या बाजूलाच द्यावा लागतो. बॉडी आणि न्यूट्रलसाठी खोलीजवळ दोन खड्डे घ्या. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठाक होते, त्यामुळे अर्थ मे महिन्यात मोजा. जुलैत कुठलाही खड्डा छान आकडा दाखवतो. ५ ओहमच्या आत आला तर उत्तम. झोपायच्या खोलीत बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म लावा, त्यात हात आखडता घेऊ नका.

खोलीचं दार चार फूट रुंद, दोन पाखांचं, बाहेर उघडणारं, लोखंडी चौकटीत दुहेरी पत्रा आणि मध्ये रॉकवूल. तीन फुटी दार करून मोकळे झालेल्यांना इंजिन दुरुस्तीला काढताना भिंत फोडावी लागते.

चाचणी

मे महिन्यातली दुपार निवडा. गीझर, इस्त्री असं तीन किलोवॅटचं ओझं लावून दोन तास चालवा. खिडकीला कागद धरला तर तो आत ओढला जायला हवा. बाहेर ओढला जात असेल तर फॅन उलटा बसला आहे. एक थर्मामीटर सावलीत बाहेर, एक इंजिन हवा ओढतं तिथे, झोतापासून लांब. फरक दहा अंशांच्या आत असेल तर काम जमलं. पंधराच्या वर गेला तर जाळी, झडपा, फॅनजवळची फट या क्रमाने शोधा. चालू यंत्राचं दार उघडायला जोर लावावा लागत असेल तर हवा आत यायची वाट कमी पडते आहे, खिडक्या वाढवा. इंजिन चालू असताना टाकीत डिझेल ओतू नका, आणि खोलीत गप्पा मारत थांबूही नका.

पुढे महिन्यातून एकदा, घरातला खरा भार देऊन, वीस-तीस मिनिटं चालवा. एका बल्बवर चालवलेलं डिझेल इंजिन नीट तापत नाही आणि धुराच्या नळीत काळं तेलकट मेण साचत जातं. पावसाळ्याआधी फॅनच्या झडपा हाताने हलवून बघा, कारण गांधीलमाश्यांना ती जागा फार आवडते आणि कुंभारीण माशी तिथे मातीची घरटी करून झडप चिकटवून टाकते. पत्र्याचे सैल स्क्रू, पन्हळीतला पालापाचोळा, नळीचा प्लग आणि बॅटरीचं पाणी हे त्याच फेरीत उरकून घ्या.